नागपूरहून दोन्ही डिस्नी, एकाच सुट्टीत: आधी काय, मग काय

अमेरिकेत डिस्नी दोन ठिकाणी आहे. एक कॅलिफोर्नियात लॉस एंजेलिसजवळच्या ॲनाहाइमला, दुसरं फ्लोरिडात ऑर्लँडोला. आमच्या घरी हा बेत पहिल्यांदा निघाला तेव्हा नवरा म्हणाला, "एक बघून झालं की गाडीने दुसरीकडे जाऊ." मग नकाशा उघडला. रस्त्याने सुमारे ४,००० किलोमीटर. म्हणजे नागपूर-मुंबई पाच वेळा. गाडीचा विषय तिथेच संपला.

आम्ही पाच जण गेलो: आम्ही दोघं, ९ वर्षांची मुलगी, ५ वर्षांचा मुलगा आणि ६८ वर्षांच्या सासूबाई. नेटवर माहिती ढीगभर होती, पण बहुतेक ब्रिटन किंवा ऑस्ट्रेलियातल्या लोकांनी लिहिलेली. ते पहिल्याच ओळीत 'ईस्टा (व्हिसाशिवाय जाण्याची ऑनलाइन परवानगी) काढा आणि निघा' म्हणतात. भारतीय पासपोर्टवर ईस्टा चालत नाही, आपल्याला पूर्ण व्हिसा लागतो. आपला सगळा क्रम तिथूनच बदलतो, म्हणून नागपूरच्या माणसाला लागेल त्या क्रमाने लिहिते आहे. क्रम चुकला की पैसे अडकतात.

१. महिना ठरवा, तारीख नको

तारीख व्हिसा ठरवेल. तुम्ही फक्त महिना धरा.

परीक्षा आटोपल्यावर एप्रिलचा शेवट ते मेचा मध्य हा काळ मला सगळ्यात बरा वाटला. तिकडची ईस्टरची सुट्टी संपलेली असते आणि उन्हाळी सुट्टी लागायची असते, त्यामुळे गर्दी जरा कमी. विदर्भातल्या शाळा जूनअखेरीस उघडतात म्हणून बरेच जण जून पकडतात. पकडू नका. फ्लोरिडात १ जूनपासून ३० नोव्हेंबरपर्यंत चक्रीवादळांचा हंगाम असतो आणि जूनमध्ये जवळपास रोज दुपारी गडगडाटी पाऊस. "आम्ही ४६ अंशांत राहणारी माणसं, आम्हाला काय ऊन सांगता" असं मीही म्हणायचे. पण आपलं ऊन कोरडं, कूलरपुढे बसलं की जीव निवतो. तिकडची हवा पावसाळ्यातल्या मुंबईसारखी अंगाला चिकटते आणि तिच्यात दिवसभर चालायचं असतं.

दिवाळीच्या सुट्टीत जात असाल तर एक सापळा लक्षात ठेवा. ऑगस्टपासून ऑक्टोबरअखेरपर्यंत ऑर्लँडोच्या मॅजिक किंगडममध्ये काही संध्याकाळी हॅलोवीनची वेगळ्या तिकिटाची पार्टी असते. त्या दिवशी साध्या तिकिटवाल्यांना संध्याकाळी ६ लाच बाहेर काढतात, आतषबाजी बघायला मिळत नाही. त्या तारखा आधी जाहीर होतात, तपासून घ्या. नोव्हेंबरचा चौथा गुरुवार (थँक्सगिव्हिंगची सुट्टी) आणि नाताळचा आठवडा तर सोडूनच द्या.

२. पासपोर्ट: मुदत बघता, नावही बघा

मुलांचा पासपोर्ट ५ वर्षांचाच असतो, हे घाईत विसरायला होतं. परतीच्या तारखेपुढे किमान ६ महिने शिल्लक असू द्या. नवा काढायचा असेल तर नागपूरच्या पासपोर्ट सेवा केंद्रात काम होतं. अल्पवयीनासाठी आईवडील दोघांच्या सह्यांचं परिशिष्ट 'ड' लागतं.

आमची खरी अडचण नावांची होती. सासूबाईंच्या आधारवर आडनावाचं एक स्पेलिंग, बँकेत दुसरं, पासपोर्टवर तिसरं. वानखडे की वानखेडे, असा घोळ विदर्भात घरोघरी आहे. व्हिसाचा अर्ज, विमानाचं तिकीट, विमा, सगळं पासपोर्टवर आहे अक्षरशः तसंच लिहा. वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव मधे आहे की पहिल्या नावाच्याच रकान्यात, तेही पासपोर्ट पुढ्यात ठेवून बघा.

३. व्हिसा: इथे घाई करू नका आणि उशीरही करू नका

पर्यटनाचा व्हिसा म्हणजे बी१/बी२. आम्ही काढला तेव्हा फी माणशी १८५ डॉलर होती, दुधपित्या बाळालाही तेवढीच, आणि व्हिसा नाकारला तरी परत मिळत नाही. पाच जणांचे ९२५ डॉलर. भरण्याआधी अधिकृत संकेतस्थळावर आजची फी बघा. मुंबईतल्या मुलाखतीची तारीख कित्येक महिन्यांनंतरची मिळू शकते, म्हणून सहलीच्या आधी किमान वर्षभर हे काम हाती घ्या. मिळाला तर तो सहसा १० वर्षांचा असतो, त्यामुळे 'आधी व्हिसा काढून ठेवू, मग बघू' हा विचार वाया जात नाही.

अर्ज डीएस-१६० नावाचा. २० मिनिटं काही हालचाल झाली नाही की पान बंद होतं, म्हणून सुरुवातीला मिळणारा अर्ज क्रमांक आधी वहीत उतरवा. मी उतरवला नव्हता. सासूबाईंची जन्मगावची माहिती शोधायला उठले आणि परत येईपर्यंत तासाभराचं टाइप केलेलं गेलं. गेल्या ५ वर्षांतली समाजमाध्यमांवरची खातीही विचारतात, ती खरी लिहा. फोटो ५१ बाय ५१ मिलिमीटर, मागे पांढरा, चष्मा काढून.

नागपूरकराला दोन भेटींसाठी मुंबई गाठावी लागते: एक बोटांचे ठसे आणि फोटोसाठी, दुसरी वांद्रे-कुर्ला संकुलातल्या वाणिज्य दूतावासात मुलाखतीसाठी. दोन्ही लागोपाठच्या दिवशी घ्या, म्हणजे एकाच खेपेत भागतं. रात्री दुरांतोत बसलं की सकाळी सीएसएमटी, पण पहिल्या दिवशी दुपारचीच वेळ निवडा. गाडी उशिरा आली तर जिवाला घोर नको. दूतावासात मोबाइल नेता येत नाही, तो कोणाकडे ठेवायचा ते आधी ठरवा.

आमच्या वेळी मुलांना मुलाखतीतून सूट होती. सप्टेंबर २०२५ पासून १४ वर्षांखालच्यांना आणि ७९ वर्षांवरच्यांनाही सहसा प्रत्यक्ष जावं लागतं, तेव्हा मुलांच्या शाळेचा हिशेब धरा.

मुलाखत दोन-तीन मिनिटांची. समोरच्याला एकच गोष्ट ताडायची असते: ही माणसं परत येतील का. सासूबाईंना विचारलं, कशाला जायचंय? त्या मराठीत म्हणाल्या, "नातवाला तो उंदीर बघायचाय." दुभाष्याने काय सांगितलं देव जाणे, अधिकारी हसला आणि पासपोर्ट ठेवून घेतला. पाठ केलेलं भाषण देऊ नका. विचारलं तेवढंच सांगा.

सोबत ठेवायची कागदं (बहुतेक वेळा मागत नाहीत, पण फाइल हवी):
– पासपोर्ट, जुना असेल तर तोही
– डीएस-१६० ची आणि भेटीची पावती, फोटो
– ३ वर्षांची आयकर विवरणपत्रं, ६ महिन्यांचं बँक खात्याचं विवरण
– नोकरीचं पत्र आणि मंजूर रजा. धंदा असेल तर जीएसटीचे कागद
– घर किंवा शेतीचे कागद, ७/१२ असेल तर तो
– मुलांचे जन्मदाखले आणि शाळेचं बोनाफाइड
– साधा प्रवासाचा आराखडा, एका पानाचा

व्हिसा हातात येईपर्यंत परत न मिळणारं एकही बुकिंग करू नका. एजंट 'आजच भरलं तर सवलत' म्हणतो, म्हणू द्या.

४. कॅलिफोर्निया आधी, फ्लोरिडा नंतर

यावर आमच्याकडे बरीच वादावादी झाली. आता माझं मत पक्कं आहे.

ॲनाहाइमचं डिस्नीलँड १९५५ चं, सगळ्यात जुनं आणि आटोपशीर. तिथे दोनच पार्क, समोरासमोर. हॉटेल हार्बर बुलेवार्डवर घेतलं तर पायी दहा-पंधरा मिनिटांत गेट. ऑर्लँडोचं डिस्नी वर्ल्ड १९७१ चं, चार पार्क, आणि एकातून दुसऱ्यात जायला बस, मोनोरेल किंवा दोरावरचे पाळणे. तिथला सिंड्रेलाचा किल्ला १८९ फूट उंच, ॲनाहाइमचा ७७ फूट. आधी मोठा बघून मग छोट्यापुढे उभं राहिलं की पोट्टे म्हणतात, "एवढाच?" उलट्या क्रमाने गेलात की दोन्हीकडे डोळे मोठे होतात.

दुसरं कारण झोपेचं. उन्हाळ्यात कॅलिफोर्निया आपल्यापेक्षा साडेबारा तास मागे, म्हणजे रात्रीचा अगदी दिवस होतो. मुलं पहाटे ३ ला टक्क जागी. पार्क सकाळी उघडताना गेटवर पहिलं असण्याचा फायदा मोठा असतो, आणि तो आम्हाला आपोआप मिळाला. दुपारी १ ला परत खोलीवर, झोप. हे पायी अंतरावर असल्यामुळे जमलं, ऑर्लँडोत जमलं नसतं.

विमानाचं: येणं-जाणं एकाच शहराचं काढू नका. 'मल्टी-सिटी' निवडा. आम्ही नागपूर-दोहा-लॉस एंजेलिस असं गेलो आणि मायामी-दोहा-नागपूर असं आलो. दुबईमार्गे गेलात तर लॉस एंजेलिस आणि ऑर्लँडो दोन्हींना थेट विमानं आहेत, फक्त नागपूरहून आधी मुंबई किंवा दिल्ली गाठावी लागते.

लॉस एंजेलिस ते ऑर्लँडो हे सुमारे पाच तासांचं देशांतर्गत विमान वेगळं काढावं लागतं, आणि तिथे आम्ही फसलो. आंतरराष्ट्रीय तिकिटावर माणशी २३ किलोच्या दोन बॅगा होत्या, म्हणून दहा बॅगांच्या हिशेबाने सात भरल्या. देशांतर्गत कंपनीने काउंटरवर प्रत्येक बॅगेचे वेगळे पैसे मागितले. ती अट तिकिटावर लिहिलेली होती, मीच वाचली नव्हती. पाच माणसांत तीन बॅगा पुरतात. हॉटेलात नाणी टाकून चालणारी धुलाईची यंत्रं असतात.

या विमानात घड्याळ ३ तास पुढे जातं. सकाळी निघालात तरी संध्याकाळ होते, त्या दिवशी पार्कचं तिकीट लावू नका.

५. किती दिवस

ॲनाहाइम ३ दिवस, ऑर्लँडो ५ दिवस पार्कचे आणि मधे एक दिवस फक्त पोहायला. जाणं-येणं धरून आमचे १६ दिवस झाले. याहून कमीत दोन्ही करू नका, त्यापेक्षा एकच करा.

काही राइड दोन्हीकडे आहेत: पायरेट्स, हाँटेड मॅन्शन, स्मॉल वर्ल्ड. पायरेट्स कॅलिफोर्नियात जास्त लांब आणि सरस, तिथेच करा. 'कार्स' सिनेमातल्या गाड्यांचं गाव फक्त कॅलिफोर्नियात. एपकॉट आणि ॲनिमल किंगडम फक्त फ्लोरिडात. ॲनिमल किंगडममध्ये पडक्या राजवाड्यात वाघ ठेवले आहेत, भारतीय जंगल म्हणून. ताडोबा-पेंच करून गेलेल्या माझ्या मुलीने एक नजर टाकली आणि म्हणाली, "आई, जिप्सी कुठाय?" आफ्रिकेची सफारी मात्र सुंदर आहे, ती सकाळी लवकर करा.

६. तिकिटं आणि ॲप

३ वर्षांखाली फुकट, ३ ते ९ मुलांचं, १० पासून मोठ्यांचं. आमची मुलगी जूनमध्ये १० ची होणार होती, मेमध्ये गेल्याने वाचलो. गर्दीच्या दिवशी एका दिवसाचं तिकीट २०० डॉलरच्या वर जातं, पण दिवस वाढवत गेलात की रोजचा दर उतरतो. तिकीट ज्याच्या नावावर त्यालाच चालतं. कोणी उरलेल्या दिवसांचं स्वस्तात देऊ केलं तर घेऊ नका.

दोन्ही जागांचे नियम सारखे नाहीत, इथे लोक हमखास गोंधळतात:
– डिस्नीलँडला तिकिटाशिवाय त्या दिवसाचं आरक्षणही लागतं. तारखेचं तिकीट असेल तर डिस्नी वर्ल्डला ते लागत नाही.
– दोन्हींची ॲप वेगळी, खातं एकच चालतं. सगळ्यांची तिकिटं एकाच फोनवर घ्या.
– रांग टाळायचा सशुल्क लाइटनिंग लेन पास ऑर्लँडोत आधीच निवडता येतो: डिस्नीच्या हॉटेलात राहणाऱ्यांना ७ दिवस आधी, इतरांना ३ दिवस. वेळ तिथली सकाळी ७, म्हणजे उन्हाळ्यात नागपुरात दुपारचे साडेचार. कॅलिफोर्नियात वेळा त्याच दिवशी पार्कात शिरल्यावर निवडायच्या.

हा पास मॅजिक किंगडमला घ्या. रोज घ्यायची गरज नाही.

७. उंची सेंटिमीटरमध्ये मोजा, दोन्हीकडची

वयाला तिथे कोणी विचारत नाही, उंचीला विचारतात. निघण्याआधी आम्ही स्वयंपाकघराच्या दाराच्या चौकटीवर पेन्सिलने रेघ मारली: मुलगा १०७ सेंटिमीटर. स्पेस माउंटनला कॅलिफोर्नियात ४० इंच लागतात, म्हणजे १०२ सेंटिमीटर. तो बसला, दोनदा बसला, आणि पुढचे चार दिवस भेटेल त्याला 'अंधारातल्या रॉकेट'बद्दल सांगत होता.

ऑर्लँडोतही स्पेस माउंटन आहे. नाव तेच, म्हणून नियमही तोच असं मी धरून चालले. तिथे ४४ इंच लागतात, म्हणजे ११२. मोजपट्टीच्या दांड्याखालून त्याचं डोकं सरळ निघून गेलं. तो टाचा वर करून पुन्हा उभा राहिला. तिथल्या कर्मचारी बाई खाली बसून त्याच्याशी प्रेमाने बोलल्या, पण मग जे रडणं सुरू झालं ते आइस्क्रीमनेही थांबलं नाही. प्रत्येक राइडची उंची ॲपमध्ये दिलेली असते. घरूनच यादी करा आणि मुलाला घरीच सांगून टाका.

मोठ्यांनी बसायचं आणि छोटा उरतो, तेव्हा 'रायडर स्विच' मागा. एक पालक बाहेर थांबतो आणि पहिला आला की पुन्हा रांग न लावता आत जातो. याचे पैसे लागत नाहीत.

आजी-आजोबा सोबत असतील तर लक्षात घ्या, दिवसाला पंधरा हजारांवर पावलं होतात. आम्ही दोन महिने सासूबाईंना घेऊन रोज संध्याकाळी अंबाझरीला फेऱ्या मारल्या, तरी ऑर्लँडोत बॅटरीची खुर्ची भाड्याने घेतली. पहिल्या दिवशी त्या लाजल्या, दुसऱ्या दिवशी हॉर्न शोधत होत्या.

८. खाणं, चहा आणि संत्री

पार्कात स्वतःचं खाणं नेता येतं, फक्त काचेची भांडी, दारू आणि सुटा बर्फ नको. थंड पाणी खाण्याच्या काउंटरवर मागितलं की फुकट मिळतं. मांस, अंडी, दूध काहीच नसलेल्या पदार्थांपुढे मेनूत पानाची खूण असते. ऑर्लँडोत ॲनिमल किंगडम लॉजमधल्या 'साना' नावाच्या हॉटेलात नान आणि चटण्यांचं ताट मिळतं, खिडकीतून जिराफ दिसतात. जागा ६० दिवस आधीपासून राखता येते, आणि राखाच.

घरून चिवडा, चटण्या, कोरडे मसाले न्या, विमानतळावर खाण्याचं सामान आहे असं स्पष्ट सांगा. फळं, ताजा कढीपत्ता, मांस नको. संत्री तर अजिबात नको. डिस्नीलँड ज्या जागेवर उभं आहे तिथे आधी संत्र्यांच्या बागाच होत्या, परगण्याचं नावही ऑरेंज, आणि फ्लोरिडाही संत्र्यांचीच. बागांना कीड-रोग लागू नये म्हणून ते लोक फळांबाबत कडक आहेत. आमच्या शेजाऱ्यांनी प्रेमाने डझनभर दिली होती, ती आम्ही सोनेगाव विमानतळावर ड्रायव्हरच्या हाती दिली.

इथली छोटी विजेची किटली तिथे नेऊ नका. आपल्याकडे २३० व्होल्ट, तिकडे १२० च्या आसपास. चपटी पिन जोडून चालू होते खरी, पण ताकद पावच उरते. चहाच्या पाण्याला उकळी फुटायला वीस-पंचवीस मिनिटं, आणि सासूबाई पहाटे ४ पासून कप धरून बसलेल्या. दोन्ही व्होल्टवर चालणारी किटली घ्या.

९. पैसे आणि विमा, थोडक्यात

फॉरेक्स कार्ड खर्चाला, क्रेडिट कार्ड हॉटेलच्या अनामतीला. अनामत फॉरेक्स कार्डावर धरली की तेवढे पैसे कित्येक दिवस अडकतात. लिहिलेल्या किमतीवर कर वेगळा लागतो, आणि बसून जेवलात तर १८ ते २० टक्के टिप. एजंटकडून पॅकेज घेतलं तर टीसीएस (आगाऊ घेतला जाणारा आयकर) घेतला जातो. तो ज्याच्या पॅनवर जमा होतो त्याला विवरणपत्र भरताना वळता करता येतो. प्रवास विमा सासूबाईंचा जुन्या आजारांसकट घ्या आणि औषधांची इंग्रजीतली चिठ्ठी सोबत ठेवा.

गाडीत मुलांची सीट कायद्याने लागते: कॅलिफोर्नियात ८ वर्षांखाली, फ्लोरिडात ५ वर्षांपर्यंत. आम्ही घडीचा बूस्टर इथूनच नेला.

१०. परतीचा दिवस

मायामीहून परत येणार असाल तर ऑर्लँडो विमानतळाच्या सी टर्मिनलपासून मायामीला ब्राइटलाइन रेल्वे जाते, साधारण साडेतीन तास. मायामीचं विमान रात्रीचं असलं तरी सकाळचीच गाडी घ्या. आम्ही दुपारची घेतली होती, वाटेत ती थांबली, आणि मुलगा काचेला नाक लावून विचारत राहिला की हे वर्धा आलं का.